छंदाचंही टेन्शन येतं, तेव्हा

ऐरोली-घणसोलीच्या आयटी कंपन्यांतून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांची तक्रार आता मला पाठ झाली आहे: लॅपटॉप मिटला तरी डोकं चालूच, आणि विरंगुळा म्हणून काही हाती घ्यावं तर त्याचंही टेन्शन.

नौपाड्यातल्या एकाने (ओळखीचे तपशील बदलले आहेत) आजोबांची रॉड ब्रेकची हर्क्युलस सायकल दुरुस्तीला उघडली होती. पावसाळ्याआधी ती रस्त्यावर आलीच पाहिजे, हा हट्ट.

"मॅडम, सगळे रविवार वाया. क्रँकचा कॉटर निघत नाही." (क्रँक म्हणजे पेडलचा दांडा, आणि कॉटर म्हणजे तो आसावर घट्ट धरणारी पिन.)

"केलंत काय?"

"नट काढून हातोडी मारली. आटे चेपले. आता नट चढत नाही आणि पिन हलत नाही."

"नवा कॉटर केवढ्याला?"

"वडापाव-चहाच्या पैशांत येईल."

"आणि चिडचिड केवढ्याची झाली?"

तो हसला. मग बराच वेळ गप्प. "मी इथेही डेडलाइनच लावली," असं स्वतःच म्हणाला. हे वाक्य मी आयतं दिलं असतं, तर त्याने मान डोलावली असती आणि विसरला असता. स्क्रीनसमोरून उठताना 'झालंच पाहिजे' त्याने सोबत उचलून आणलं होतं. 'व्हावं' आणि 'झालंच पाहिजे' यांत माणसाची झोप अडकलेली असते, असं माझं ठाम मत आहे. छंद बदलून त्यावर इलाज होत नाही.

मग आम्ही कॉटरवरच काम केलं. आदल्या रात्री दोन्ही बाजूंनी गंज सैल करणारं तेल सोडायचं. नट पूर्ण काढायचा नाही. पिनच्या टोकाशी समतल होईल इतकाच सैल करायचा, म्हणजे घाव नट झेलतो आणि आटे वाचतात. क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा थेट जमिनीवर टेकवायचा, पिनचं डोकं पाइपच्या पोकळीत उतरेल असा. आधार नसेल तर घाव आसाच्या बेअरिंगमधल्या छर्ऱ्यांवर जातो, ते बसतात त्या वाटीत खड्डे पडतात आणि पेडल कायमचं खरखरतं. मग जड हातोडीचा एकच नेमका घाव. टकटक करत बसलं की पिन फक्त वाकते. तरीही हलली नाही, तर पुन्हा तेल आणि पुढचा रविवार. हे शेवटचं त्याला सगळ्यात जड गेलं.

क्रँक निघाल्यावर डावी वाटी उघडायची. सुटे छर्रे असतील तर बहुधा पाव इंची, प्रत्येक बाजूला ११. एक जरी खड्डा पडलेला दिसला, तरी सगळे बदला. उजवी वाटी गरज नसेल तर छेडू नका. इंग्लिश पद्धतीच्या फ्रेममध्ये तिचे आटे उलटे असतात आणि नेहमीच्या दिशेने जोर लावला की ती आणखी आवळते. डाव्या पेडलचंही तेच.

रंगाची घाई बहुतेक सगळ्यांना असते. मडगार्डवरच्या मूळ रेघा शाबूत असतील, तर पावडर कोटिंग करू नका, नुसतं मेण लावा. नवे कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने बसवा, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. चार-पाच किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळा.