दोन मायक्रोफोन आणि दोन आलेख

प्रश्न : माझ्याकडे दोन मापन मायक्रोफोन आहेत आणि दोन्हींसोबत कॅलिब्रेशन फाइल (त्या मायक्रोफोनची वारंवारतेनुसार होणारी चूक दुरुस्त करणारी आकड्यांची फाइल) मिळाली आहे. तरीही एकाच स्पीकरचे मापन केले असता ८ किलोहर्ट्झच्या वर त्यांच्या आलेखांत सुमारे २ डेसिबलचा फरक पडतो. कोणता मायक्रोफोन अचूक आहे, हे घरी तपासता येईल का?

उत्तर : दोन मायक्रोफोनमध्ये नेमका किती फरक आहे, हे घरी विश्वासाने मोजता येते, त्यांतला बरोबर कोणता, हे मात्र अचूकता आधीच सिद्ध झालेला तिसरा मायक्रोफोन असल्याशिवाय ठरवता येत नाही.

सर्वप्रथम फाइल तपासा. स्पीकरकडे रोखलेल्या मायक्रोफोनसाठी ० अंशाची आणि छताकडे उभ्या धरलेल्यासाठी ९० अंशांची फाइल लागते; त्यांची अदलाबदल झाली, तर नेमका वरच्या वारंवारतांतच असा फरक दिसतो.

त्यानंतर एकच मायक्रोफोन स्टँडवरून काढून पुन्हा बसवत पाच वेळा मापन करा. १० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३४ मिलिमीटर असल्यामुळे टोक काही मिलिमीटर सरकले, तरी परावर्तने वेगळ्या तऱ्हेने मिसळतात आणि आलेख बदलतो. या पाच आलेखांत जेवढी तफावत दिसेल, तेवढ्या फरकाचा दोष कोणत्याही मायक्रोफोनला देता येणार नाही. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण ती वगळून काढलेल्या निष्कर्षांवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

आता स्पीकर, आवाजाची पातळी, स्वीप (खालच्या वारंवारतेपासून वरच्यापर्यंत सरकत जाणारा चाचणीचा सूर) आणि ऑडिओ इंटरफेसचे (मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाचे) चॅनेल तेच ठेवून दुसऱ्या मायक्रोफोनचे टोक, टांगलेल्या दोऱ्याच्या खुणेने, अगदी त्याच जागी आणा आणि एका आलेखातून दुसरा वजा करा. स्पीकरचे व खोलीचे गुणदोष दोन्हींत सारखेच असल्याने ते वजाबाकीत निघून जातात आणि उरतो तो मायक्रोफोनमधला फरक. वरच्या वारंवारतांसाठी पहिले परावर्तन पोहोचण्याआधीच मापनाची वेळखिडकी (आवाजाचा जेवढा काळ हिशोबात धरला जातो तो) बंद केल्यास उत्तर अधिक स्वच्छ मिळते.

१ किलोहर्ट्झला ९४ डेसिबल, म्हणजे १ पास्कल दाब देणारा कॅलिब्रेटर (ठरावीक पातळीचा आवाज देणारे उपकरण) मायक्रोफोनची संवेदनक्षमता तपासतो, पण तुमचा प्रश्न ८ किलोहर्ट्झच्या वरचा असल्याने तो इथे उपयोगी नाही. एकाच मॉडेलचे दोन मायक्रोफोन जुळले, तरी त्यावरून अचूकता सिद्ध होत नाही, कारण एकच चूक दोघांतही असू शकते. म्हणून त्यांपैकी एक प्रयोगशाळेतून कॅलिब्रेट करून घ्या आणि तो रोजच्या कामात न वापरता केवळ तुलनेसाठी जपून ठेवा.