‘बॉयकॉट’ या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो इंग्रजीत कसा आला?

निषेध म्हणून एखाद्या व्यक्तीशी, संस्थेशी किंवा देशाशी असलेला व्यवहार ठरवून आणि एकजुटीने तोडणे, हा ‘बॉयकॉट’चा अर्थ. माल पसंत पडला नाही म्हणून मी एकट्याने एखाद्या दुकानात जायचे सोडले, तर तो बॉयकॉट ठरत नाही. सरकारने विक्री रोखली तर ती बंदी. माल राजरोस विकला जात असताना ग्राहकांनीच तो न घेण्याचे ठरवले तर बॉयकॉट. इंग्रजीत हा शब्द नाम आणि क्रियापद अशा दोन्ही प्रकारे, त्याच स्पेलिंगने वापरतात.

मुळात हे आडनाव आहे. आपल्याकडे इंग्लंडचे सलामीवीर जेफ्री बॉयकॉट चटकन आठवतात, पण शब्द त्यांच्या जन्माच्या 60 वर्षे आधीचा. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हे माजी लष्करी अधिकारी आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचे कारभारी होते. 1880 साली कुळांनी खंडात 25 टक्के सूट मागितली. ती तर मिळाली नाहीच, उलट जमिनी सोडण्याच्या नोटिसा निघाल्या. त्याच सप्टेंबरात कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘लँड लीग’ या संघटनेचे अध्यक्ष चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल यांनी आयर्लंडमधील एनिस गावच्या सभेत सांगितले होते की, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्या अंगाला हात लावू नका, त्याच्याशी सगळे संबंध तोडा. मेयोच्या लोकांनी हे हत्यार थेट कारभाऱ्यावरच चालवले. शेतमजूर आणि घरगडी काम सोडून गेले, दुकानदार सामान देईनात. उभे पीक काढायला नोव्हेंबरात कॅव्हन आणि मोनॅहन परगण्यांतून 50 स्वयंसेवक आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणासाठी सुमारे हजार सैनिक व पोलीस! पिकाची किंमत अंदाजे 500 पौंड, तर ते काढण्याचा खर्च 10,000 पौंडांच्या घरात गेल्याचे सांगितले जाते. वर्ष संपण्यापूर्वी बॉयकॉट आयर्लंड सोडून गेले. तोवर त्यांचे आडनाव वृत्तपत्रांत क्रियापद म्हणून छापले जाऊ लागले होते.

मराठीत यासाठी ‘बहिष्कार’ रूढ आहे आणि टिळकांच्या चतुःसूत्रीतील परदेशी मालावरचा बहिष्कार याच जातीचा. मात्र जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे, जो महाराष्ट्रात 2016 च्या कायद्यान्वये गुन्हा आहे, त्यालाही आपण बहिष्कारच म्हणतो. तो इंग्रजीत सांगताना ‘सोशल बॉयकॉट’ असे स्पष्ट लिहावे. नुसते ‘बॉयकॉट’ लिहिल्यास परका वाचक ते ग्राहकांचे किंवा राजकीय आंदोलन समजण्याचा संभव आहे.