कायदेशीर शंका: पगार दिरहममध्ये, दावा इंदुरात

प्रश्न: माझा धाकटा भाऊ (वय 34) दुबईत कंत्राटी नोकरीत होता, पगार महिना 9,000 दिरहम. सुट्टीत आला असताना बायपासवर ट्रकच्या धडकेत गेला. मागे बायको, दोन मुलं, आई. विमा कंपनी म्हणते, इथं जेवढा पगार मिळाला असता तेवढाच धरू. दिरहम वाढतोय, तर दावा थांबून लावावा का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: थांबू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166(3) प्रमाणे मुदत अपघातापासून सहा महिने आहे. दिरहमचा रुपयातला दर धरतात तो दावा दाखल केल्या दिवसाचा; अपघाताच्या किंवा निकालाच्या दिवसाचा नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली जिजू कुरुविला प्रकरणात हेच केलं. दिरहम डॉलरला बांधलेला आहे (एक डॉलर म्हणजे 3.6725 दिरहम), म्हणून त्या दिवशीच्या डॉलरच्या दराला तेवढ्यानं भागा. डॉलर 84.50 असेल तर दिरहम साधारण 23 रुपये.

आता हिशेब. 9,000 × 23 × 12 म्हणजे वर्षाचे 24,84,000. कंत्राटी नोकरी आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे (2017) भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवा: 34,77,600. अवलंबून चौघं, म्हणून स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: 26,08,200. वय 31 ते 35 ला गुणक (वर्षाची रक्कम जितक्या पटीनं धरतात तो आकडा) 16. झाले 4,17,31,200. अंत्यविधी, सहवासाची हानी वगैरे रकमा वेगळ्या, व्याजही वेगळं.

‘इथला पगार धरू’ हे मान्य करू नका. हिशेब प्रत्यक्ष कमाईवर होतो. कंपनीचे वकील बहुधा 2002 चा पॅट्रिशिया महाजन निकाल काढतील. त्यात परदेशी उत्पन्न मोठं म्हणून गुणक 10 वर आणला होता. त्यावर तुमच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा सरला वर्मा निकाल (2009) पुढे करावा: गुणक वयावरून ठरतो.

खरी लढाई पुराव्याची. घरी पाठवलेल्या पैशांचं पासबुक एवढंच जोडलं, की ‘कमाई तेवढीच’ असा युक्तिवाद ठरलेला. दुबईच्या ज्या खात्यात पगार जमा होई त्याचा उतारा मागवा. करारपत्र आणि पगारपत्रकांवर आधी तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग भारतीय वाणिज्य दूतावासाचा शिक्का घ्या. आणि पगार देणाऱ्या अधिकाऱ्याची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सनं घ्यावी, असा अर्ज सुरुवातीलाच द्या. पुढे तो माणूस नोकरी सोडून गेला, तर कागद सिद्ध करायला कुणी उरत नाही.