रजेवर आलेले बाबा, बुजलेलं लेकरू

प्रश्न : यजमान सैन्यात आहेत, रजेवर गेवराईला आलेत. चार वर्षांचं लेकरू त्यांच्याजवळ जात नाही. ते चिडतात, रात्री झोपत नाहीत.

उत्तर : ताई, लेकराला ओढून मांडीवर बसवू नका, ते आणखी बुजेल. रोजची अंघोळ तेवढी बाबांकडे द्या. पहिले तीन-चार दिवस तांब्या तुम्ही भरून द्या, मग हळूच बाजूला व्हा. आल्याआल्या शिस्त लावू नये. लेकराच्या लेखी ते अजून पाहुणेच आहेत. ड्युटीवर परतल्यावर ठरल्या वेळी पाचच मिनिटं व्हिडिओ कॉल, त्यात एकच गोष्ट रोज पुढे सांगत न्यायची.

झोपेचं मात्र अंगावर काढू नका. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर ‘टेलिमानस’ या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ‘आवा’ या सैनिकपत्नींच्या संस्थेची माहिती युनिटमध्ये मिळेल.