वाचक विचारतात : वेम्बलीचे मनोरे गेले कुठे?

प्रश्न : लंडनला गेलो तेव्हा मुद्दाम वेम्बली स्टेडियमला जाऊन आलो, पण लहानपणी टीव्हीवर एफए कपच्या (इंग्लंडमधली फुटबॉल स्पर्धा) फायनलला दिसायचे ते दोन पांढरे मनोरे कुठेच नाहीत, नुसती ती अवाढव्य कमान. एवढी ऐतिहासिक वास्तू, निदान मनोरे तरी ठेवता आले नसते का? आणि १९४८ च्या ऑलिम्पिकचं हॉकीचं गोल्ड आपण तिथेच जिंकलो हे खरं का?

उत्तर : आधी हॉकीचं सांगून टाकतो. हो, तेच मैदान. १२ ऑगस्ट १९४८, स्वातंत्र्याला वर्ष व्हायला तीन दिवस बाकी आणि फायनलला समोर कोण तर ब्रिटन! ४-० ने हरवलं, त्यात दोन गोल बलबीर सिंग यांचे. (खाशाबा जाधवही त्या ऑलिम्पिकला होते, पण कुस्त्या वेम्बलीत नाही, अर्ल्स कोर्टला झाल्या.)

आता मनोरे. गंमत अशी की हे स्टेडियम मुळात एवढं टिकायचंच नव्हतं. १९२४ च्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनासाठी ते सुमारे ३०० दिवसांत, साडेसात लाख पौंडांत उभं केलं आणि प्रदर्शनाच्या आदल्याच वर्षी, २८ एप्रिल १९२३ ला तिथे एफए कपची पहिली फायनल झाली, बोल्टन विरुद्ध वेस्ट हॅम. अधिकृत आकडा १,२६,०४७, पण भिंतींवरून उड्या मारून आलेले धरले तर दोन लाखांच्या वर लोक असावेत असा अंदाज आहे, सगळं मैदान माणसांनी भरलेलं, शेवटी घोडेस्वार पोलिसांनी लोकांना मागे रेटत रेटत बाहेर काढलं तेव्हा कुठे पाऊण तास उशिरा मॅच सुरू झाली. त्यातला बिली नावाचा 'पांढरा घोडा' फेमस झाला, खरंतर तो करडा होता, ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये पांढरा दिसला!

पण प्रदर्शन संपलं आणि स्टेडियम पडून राहिलं. फुटबॉलवर भागणार कसं, वर्षाला एक कप फायनल आणि अधूनमधून इंग्लंड-स्कॉटलंड मॅच एवढंच तर व्हायचं. पाडायचंच घाटत होतं. आर्थर एल्विन म्हणून एक माणूस होता, प्रदर्शनात तंबाखूच्या स्टॉलवर काम केलेला, नंतर तिथल्या इमारती पाडायचं कंत्राट घेतलेला, त्याने १९२७ मध्ये ते विकत घेण्याची खटपट केली आणि त्याच वर्षी तिथे ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती सुरू केल्या. वेम्बली जगलं ते या कुत्र्यांच्या जिवावर, हे इंग्लंडवाले फारसं मिरवत नाहीत. १९६६ च्या वर्ल्ड कपला तर कहरच झाला, शर्यतीची रात्र रद्द करायला मालक तयार नाहीत म्हणून उरुग्वे-फ्रान्स मॅच लंडनच्याच व्हाइट सिटी स्टेडियमला हलवावी लागली! फायनल मात्र वेम्बलीतच, इंग्लंड ४-२ पश्चिम जर्मनी. आणि नियतीचा विनोद बघा, ७ ऑक्टोबर २००० ला पावसात तिथली शेवटची मॅच झाली, इंग्लंड जर्मनीकडूनच ०-१ हरलं, गोल हामानचा, आणि मॅनेजर केविन कीगनने स्टेडियममधूनच राजीनामा दिला.

स्टेडियम वारसा यादीत होतं, त्यामुळे मनोरे वाचवायची मागणीही झाली. पण ते नव्या स्टेडियमच्या जागेतच येत होते आणि दगडी असते तर एकेक चिरा उतरवून दुसरीकडे रचता आले असते, हे एकसंध काँक्रीटचे, आतून सळया, सुटे होणार कसे. माझं मत विचाराल तर पाडलं ते बरंच झालं, शर्यतीच्या ट्रॅकमुळे प्रेक्षक मैदानापासून लांब बसायचे, खांब मध्ये यायचे, आपल्याला टीव्हीवर छान दिसायचं ती गोष्ट वेगळी. २००३ मध्ये मनोरे गेले, २००७ ला नवं स्टेडियम सुरू झालं.

मैदान खोल करायला खोदकाम केलं तेव्हा खाली जुना पाया लागला तो एडवर्ड वॉटकिन या रेल्वे उद्योजकाच्या टॉवरचा. पॅरिसच्या आयफेल टॉवरपेक्षा उंच बांधायला निघालेला हा टॉवर पहिल्या मजल्यावरच खचायला लागला म्हणून १९०७ मध्ये सुरुंग लावून पाडला होता.

एका मनोऱ्याचा शेंडा जवळच्या एका वसाहतीतल्या बागेत ठेवलाय, पुढच्या वेळी बघून या. आणि वेम्बली स्टेडियम स्टेशनवर उतरून पुलावरून गेला असाल, तर त्या पुलाचं नाव व्हाइट हॉर्स ब्रिज, म्हणजे आपला बिलीच.