मोजे घरी विणायचे तर लूम घ्यावा, हँडलचं मशीन घ्यावं की सुया?

तुम्ही लिहिलंय की मफलर आणि टोपी विणता येते, वडिलांना थंडीसाठी घरी केलेले मोजे द्यायचेत, आणि ते हँडल फिरवलं की झरझर विणत जाणाऱ्या मशीनचे व्हिडिओ बघून आता कळेना की पैसे कशात घालावेत. माझं सरळ उत्तर: सुया घ्या. पाच सुयांचा सेट मिळतो, दोन्ही बाजूंना टोक असलेल्या आखूड सुया, साधारण अडीच मिलिमीटरच्या. आपल्याकडे दुकानात अजून जुने नंबर चालतात, त्यात १२ नंबर म्हणजे पावणेतीन मिमी आणि १३ नंबर म्हणजे सव्वादोन, म्हणजे नंबर वाढला की सुई बारीक होते, हे लक्षात ठेवून मागा नाहीतर उलटंच काहीतरी हातात येईल.

मी बरीच वर्षं मोजे विणतेय आणि तिन्ही प्रकार वापरलेत, त्यावरून सांगते, मोज्यात दोनच गोष्टी बघायच्या असतात, टाच नीट वळते का आणि वीण पुरेशी घट्ट आहे का. बाकी रंग, डिझाइन, वेळ हे सगळं नंतर.

आता ते मशीन. ऑनलाइन स्वस्तात मिळतं ते प्लास्टिकचं, बावीस सुयांचं असतं. बावीस सुया म्हणजे मोज्याच्या पूर्ण घेरात बावीस टाके. हाताने बारीक सुयांवर विणला तर त्याच घेरात ६० ते ६४ टाके बसतात. यावरूनच फरक समजेल. त्या सुया एकमेकींपासून इतक्या लांब लांब असल्यामुळे बारीक धागा लावला की जाळी होते, म्हणून जाड लोकरच लावावी लागते, आणि जाड सैल वीण बुटात घातली की तळव्याला टाके रुततात आणि घासून लवकर विरतेही. शिवाय त्यातून निघते ती नुसती सरळ नळी. पाय तर घोट्याला काटकोनात वळतो, मग नळी घातली की घोट्याच्या पुढे चुण्या पडतात आणि मागे ताण येऊन मोजा खाली घसरत राहतो. यावर उपाय आहे, नाही असं नाही. टाचेच्या जागी एक टाका कापायचा, अर्ध्या घेराची ओळ उसवायची, वर-खाली मोकळे झालेले टाके सुयांवर घ्यायचे आणि तिथे टाच विणायची, एलिझाबेथ झिमरमन म्हणून अमेरिकेतल्या विणकाम शिकवणाऱ्या प्रसिद्ध बाई होत्या त्यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. पण बघा, त्यासाठीही शेवटी सुया लागल्याच ना! घरात झोपताना घालायचे ढगळे मोजे हवे असतील तर मशीन ठीक आहे, पटकन होतात.

लूम म्हणजे खुंट्या असलेली प्लास्टिकची गोल रिंग. त्यात खुंटीला धागा गुंडाळायचा आणि खालचा फास हुकने वरून काढून टाकायचा, एवढंच. ज्यांची बोटं आखडतात, सांधे दुखतात किंवा ज्यांना सुया धरता येत नाहीत त्यांच्यासाठी आणि लहान मुलांना शिकवायला लूम खरंच छान आहे, आणि मशीनवर अवघड जाते ती टाच यावर करता येते, अर्ध्याच खुंट्यांवर पुढे-मागे विणून. अडचण तीच, खुंट्यांमधलं अंतर. साध्या २४ खुंट्यांच्या रिंगवर जाड लोकरीचेच मोजे होतात. जवळ जवळ खुंट्या असलेले खास मोज्यांचे लूम असतात पण ते महाग आणि त्यावर काम खूप हळू होतं.

आणि एक तिसरं, खरं मोज्यांचं मशीन, लोखंडी, गोल, टेबलाला स्क्रूने आवळायचं, ६० किंवा ७२ सुयांचं. पहिल्या महायुद्धाच्या आधी-नंतर अमेरिकेत आणि कॅनडात बायकांनी घरबसल्या मोजे विणून कमवावेत म्हणून त्याच्या जाहिराती असायच्या. यावर वीण एकदम दुकानासारखी येते आणि टाचही वळते (अर्ध्या सुया कामातून बाजूला काढून हँडल पुढे-मागे फिरवतात, आणि टाके खाली ताणले जावेत म्हणून वजन लटकवतात). पण ते बाहेरून मागवावं लागतं, भरपूर महाग आहे आणि जुळवून घेण्यातच खूप वेळ जातो. एका जोडीसाठी नको.

गंमत म्हणजे वीण बारीक की जाड हा प्रश्न मशीनच्या जन्मापासूनचा आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या विल्यम ली यांनी १५८९ मध्ये मोजे विणायची पहिली चौकट बनवली, तिच्यात एका इंचात आठच सुया होत्या, त्यामुळे लोकरीचे जाडेभरडे मोजे निघायचे. राणी एलिझाबेथला रेशमाचे हवे होते आणि तिने पेटंट दिलं नाही असं सांगतात. मग त्यांनी एका इंचात वीस सुया बसवून रेशमी मोजेही काढून दाखवले, तरी पेटंट मिळालं नाहीच आणि शेवटी ते फ्रान्सला गेले. ते कापडही सपाटच निघायचं, मागे शिवण घालून मोजा करावा लागे. पाच सुयांवर मात्र शिवण येतच नाही, सगळं गोल विणलं जातं. वडिलांना डायबिटीस असेल तर आतली शिवण किंवा धाग्याची गाठ बोटांना घासणं अजिबात चांगलं नाही, आणि वरची पट्टीही करकचून नको.

आता टाच, कारण लोक घाबरतात ते हिलाच, आणि तुम्हाला मफलर येतो म्हणजे सुलट-उलट येतं, बाकी काही नवीन नाही. आधी पंजाचा घेर मोजा. समजा नऊ इंच आला आणि तुमच्या विणीत इंचात आठ टाके बसतात, म्हणजे ७२, त्यातून दहा टक्के कमी करा कारण मोजा थोडा ताणलेला बसायला हवा, म्हणजे ६४. वरची रिब (ताणली जाणारी पट्टी) आणि नडगीचा भाग गोल विणून झाला की ३२ टाके तसेच बाजूला ठेवा, ती पायाची वरची बाजू. उरलेल्या ३२ वर मफलरसारखं पुढे-मागे ३२ ओळी, आणि प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यायचा, त्याने कडेला साखळी तयार होते, १६ कड्यांची, ती पुढे लागते. सुलट ओळीत एक टाका उचललेला, एक विणलेला असं आलटून पालटून केलं तर टाच जाड होते आणि जास्त टिकते, मी नेहमी तसंच करते.

मग वळण. पुढच्या ओळीत १७ सुलट, दोन टाके एकत्र, अजून एक सुलट, आणि उरलेले १२ तसेच सोडून काम फिरवायचं. ओळ अर्धवट राहिल्यासारखी दिसेल, दिसू द्या. आता पहिला उचला, ३ उलट, दोन एकत्र उलट, एक उलट, परत फिरवा. जिथून फिरलात तिथे टाक्यांमध्ये एक फट दिसते. यापुढे दर ओळीत पहिला टाका उचलून त्या फटीपर्यंत जायचं, फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका मिळून एक करायचा, पुढचा एक विणायचा, फिरवायचं. दोन्ही बाजूंचे सोडलेले टाके संपले की सुईवर १८ उरतात आणि कापड वाटीसारखं आत वळलेलं असतं. पहिल्यांदा हे होतं ना तेव्हा इतका आनंद होतो की काय सांगू, सपाट विणता विणता अचानक पायाचा आकार येतो! मग दोन्ही कडांच्या साखळ्यांतून १६-१६ टाके उचला, बाजूचे ३२ परत घ्या, एकूण ८२ झाले, आता एकाआड एक फेरीत दोन्ही कोपऱ्यांवर एकेक टाका कमी करत परत ६४ वर या. पुढे बोटांपर्यंत सरळ विणायचं आणि शेवटचे पाचेक सेंटीमीटर राहिले की निमुळतं करत न्यायचं.

एका सुईवरून दुसरीवर जाताना टाके सैल पडून शिडीसारखी रेघ दिसते, तिथे नवीन सुईवरचे पहिले दोन टाके जरा ओढून घ्या, बस.

लोकरीबद्दल. आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं, सरावाला चालेल पण त्यात पायाला घाम येतो आणि गोळे येतात. खात्री करायची तर छोटा तुकडा काळजीपूर्वक जाळून बघा, खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख होते, अ‍ॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो. नुसती लोकर टाचेला लवकर झिजते, म्हणून ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असा मोज्यांचा खास धागा ऑनलाइन मागवा, १०० ग्रॅमचा गुंडा साधारण ४०० मीटर असतो आणि मोठ्या माणसाची एक जोडी त्यात आरामात होते. आपली दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण पायाला फार टोचते. धुताना गार पाणी, ईझीसारखं लिक्विड, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून सावलीत आडवे वाळवायचे.

आणि हे नक्की करा, घरात टाइल्स असतील तर लोकरीचे मोजे त्यावर सरकतात, वयस्कर माणसासाठी ते धोक्याचं आहे. तळव्याला सिलिकॉनचे ठिपके देता येतात, त्यासाठी कापडावर चालणारी ट्यूब मिळते, एक रात्र सुकू द्या आणि मगच वडिलांना घालायला द्या.