लोडरचा ब्रेक पाय काढला तरी धरून राहतो. ब्रेक व्हॉल्वचं सील किट टाकावं का नवीनच व्हॉल्व घ्यावा? खर्च किती येईल?

दोन्ही थांबवा भाऊ, आधी गेज लावा. ब्रेक लाइनच्या टेस्ट पॉइंटला प्रेशर गेज जोडा आणि पेडलवरून पाय काढा. काटा शून्यावर येऊनही चाक धरत असेल तर व्हॉल्वचा काही संबंध नाही, एक्सलमधला ब्रेकचा पिस्टन मागे येत नाहीये, तिकडे बघा. काटा वर अडकला तर व्हॉल्वकडे या, पण तिथेही पाना लावायच्या आधी पेडलच्या खाली हात घालून बघा.

हे इतकं ठासून सांगतोय कारण तुमच्यासारखीच केस माझ्या समोर होऊन गेलीय. मी चंद्रपूर-वणी पट्ट्यात हायड्रॉलिकचंच काम करतो. एका ओपनकास्टवर (उघड्या कोळसा खाणीवर) ओबीचं, म्हणजे कोळशावरची माती-दगड काढायचं, काम घेतलेल्या ठेकेदाराचा व्हील लोडर होता, मे महिना, एक्सल इतका तापायचा की हबवर पाणी मारलं की चर्र व्हायचं. मला बोलवायच्या आधीच तिथल्या शिफ्ट इनचार्जने आपल्या माणसाकडून ब्रेक व्हॉल्व खोलून किट टाकून घेतलं होतं. फरक शून्य. मग परत खोलला, म्हणे स्पूल (व्हॉल्वच्या आत सरकणारा दांडा) जाम होतोय, आणि त्या स्पूलला पॉलिश पेपर मारून परत बसवला.

मी गेलो, गेज लावला, पाय काढल्यावर काटा 10 बारच्या आसपास अडकलेला. पेडलचं रबरी बूट वर केलं तर खाली कोळशाची भुकटी आणि तेल मिळून झालेला चिखल, वाळून दगड झालेला, पेडल त्याच्यावर टेकून बसलेलं म्हणजे ब्रेक कायम थोडा दाबलेलाच. स्क्रू ड्रायव्हरने तो खरवडून काढला, पेडल बोटभर वर आलं आणि काटा शून्यावर. मूळ दुखणं एवढंच होतं. किट लागत नव्हतं, व्हॉल्व तर अजिबातच नाही.

पण आता नवीन दुखणं सुरू झालेलं. पेडलला पायसुद्धा न लावता, प्रेशरचं तेल साठवणाऱ्या अ‍ॅक्युम्युलेटरचं प्रेशर उतरायचं, तो भरणारा चार्जिंग व्हॉल्व सारखा चालू-बंद (कट-इन कट-आउट) व्हायचा, इंजिन बंद केलं की बघता बघता वॉर्निंग बझर. ब्रेक व्हॉल्वची टाकीकडे जाणारी रिटर्न लाइन सोडून बाटलीत धरली तर पाय बाहेर असतानाच तेलाची धार. स्पूल बाहेर काढला आणि लँडच्या, म्हणजे तेल अडवणाऱ्या जाड भागाच्या, कडा बघितल्या, ज्या कडेवर नख अडकायला पाहिजे ती गोल होऊन चकाकत होती. नवीन व्हॉल्व घ्यावाच लागला. आणि इनचार्ज मालकासमोर म्हणाला, बघा, व्हॉल्वच गेला होता, मी पहिल्यापासून सांगत होतो. मालकाने त्याचंच ऐकलं. तो व्हॉल्व पॉलिश पेपरने मेला, हे मी तेव्हाही तोंडावर सांगितलं होतं आणि आजही तेच सांगतो.

स्पूल म्हणजे काही गंजलेला बोल्ट नव्हे. पेडल स्प्रिंगमार्फत स्पूलला ढकलतं, स्पूल अ‍ॅक्युम्युलेटरचं तेल ब्रेककडे सोडतो, आणि तेच ब्रेकचं प्रेशर स्पूलला उलटं रेटत असतं, म्हणून जितका पाय तितका ब्रेक मिळतो. हे सगळं त्या धारदार कडांवर चालतं. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड, आणि स्पूल आणि तो ज्या भोकात सरकतो त्या बोअरमधला गॅप 10 मायक्रॉनच्या आतबाहेर. तिथे पेपर मारला की कडा गेल्या, वर पेपरचे कण बोअरमध्ये रुतून बसतात ते वेगळंच.

आणि नुसत्या ओरिंग बदलल्या म्हणजे ओव्हरहॉल झालं असं समजू नका. खोललाच तर स्पूल आणि बोअर उजेडात धरून बघा, उभी ओरखड लागली असेल आणि ती नखाला जाणवत असेल तर किटचे पैसे वाया घालवू नका, पूर्ण व्हॉल्व घ्या. स्पूल त्याच्याच बोअरचा असतो, दुसऱ्या व्हॉल्वचा काढून घालायचा नाही, आणि डबल सर्किटमध्ये (ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइन असतात तिथे) दोन स्पूल असतात त्यांचीही अदलाबदल नको. चांगला स्पूल स्वच्छ तेल लावून उभ्या बोअरमध्ये सोडला की स्वतःच्या वजनाने हळूहळू उतरतो, अडकला तर पुन्हा धुवा. धुताना गाळलेलं डिझेल वापरा, कॉटन वेस्ट लावू नका, त्याचे धागे आत राहतात. स्प्रिंगच्या खालचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, जिथले तिथे आणि तितकेच. शिम वाढवले की ब्रेक प्रेशर वाढतं आणि मग वेट ब्रेकच्या (एक्सलच्या तेलात बुडालेल्या ब्रेकच्या) पिस्टनचं सील फाटून हायड्रॉलिक तेल एक्सलमध्ये जातं. एक्सलच्या तेलाची लेव्हल आपोआप वाढताना दिसली तर हेच समजा.

पेडलखाली साफ असेल, पेडलच्या स्टॉप बोल्टला फ्री प्ले (थोडी मोकळी जागा) असेल आणि तरीही काटा वर असेल तर रिटर्न लाइन किंवा रिटर्न फिल्टर चोक झालाय का बघा, मागून प्रेशर आलं तरी ब्रेक सुटत नाही.

हे खरं तर आधी लिहायला हवं होतं, पण कुठलाही पाइप सोडायच्या आधी, गेज लावायलासुद्धा, बकेट जमिनीवर, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, इंजिन बंद, आणि पेडल मारत राहा जोवर प्रेशर पूर्ण संपत नाही. इंजिन बंद असलं तरी अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये प्रेशर असतं, हात जाऊ शकतो. त्याच्यात गॅस भरायची वेळ आली तर फक्त नायट्रोजन, ऑक्सिजनचा सिलिंडर जवळसुद्धा आणू नका, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. मी सांगतोय ते फुल हायड्रॉलिक ब्रेकचं, जिथे मशीनचंच हायड्रॉलिक तेल ब्रेक दाबतं. तुमच्या मशीनला वेगळी ब्रेक ऑइलची डबी असेल तर त्यात कुठलं तेल चालतं ते मॅन्युअलमध्ये बघूनच टाका, मिनरल तेलाच्या सिस्टीमला गाडीचं डॉट ब्रेक ऑइल घातलं की सगळे सील फुगून जातात.

खर्चाचा आकडा असा सांगता येत नाही, मॉडेलप्रमाणे फार फरक पडतो. डीलरकडे व्हॉल्वच्या बॉडीवरचा नंबर आणि मशीनचा सिरियल नंबर दोन्ही घेऊन जा, एकाच मॉडेलला सिरियलप्रमाणे वेगळा व्हॉल्व असू शकतो आणि मग किट बसत नाही.